बर्फावरचा माणूस

आक्काचा आवाज कसा होता हे सांगायचं, तर आधी मैदानाबद्दल सांगायला हवं. घरापासून दोन गल्ल्या सोडून ते मैदान होतं आणि संध्याकाळी आसपासची सगळी पोरं तिथे असायची. दिवेलागणीला आक्का गच्चीत यायची, कठड्यावर दोन्ही हात टेकायची आणि एकदाच हाक मारायची, "छोट्याऽऽ!" बाकीच्यांच्या आया ओरडून ओरडून दमायच्या. आक्काची हाक मात्र दोन गल्ल्या ओलांडून थेट मैदानात येऊन पडायची आणि सगळी पोरं छोट्याकडे बघायची. छोट्या तिथूनच ओरडायचा, "आलो!" आणि पुन्हा खेळायला लागायचा. त्याच्या 'आलो'चा अर्थ अजून अर्धा तास, हे आक्कालाही ठाऊक होतं.

हा छोट्या पुढे हृदयाचा सर्जन झाला, तोही साधासुधा नाही. हृदयातून निघणारी ती मोठी धमनी कुणाची फुगली, कुणाची चिरली, तर लोक लांबलांबून त्याच्याकडे यायचे. हॉस्पिटलात तो 'सर' होता, आणि सर नाकावर राग घेऊन आत आले की थिएटरमधल्या चिमटे-कात्र्यासुद्धा वाजायच्या नाहीत, असं तिथले लोक म्हणायचे. पण आक्कासाठी तो छोट्याच राहिला, तेव्हा आपणही त्याला तेच म्हणू. त्याचं 'आलो'ही तसंच राहिलं. "या रविवारी नक्की येतो गं," असं फोनवर सांगायचा आणि रविवारी कुणाची तरी छाती उघडून उभा असायचा. आई कामावर जायची तेव्हा याला थोरल्या बहिणीने, आक्कानेच वाढवलेलं. तिने लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत कवायत शिकवली, आणि अख्ख्या शाळेला सावधान-विश्राम करायला तिला कधी माइक लागला नाही. ती रागवायची नाही. "तुझं येतो म्हणजे काय, मला माहीत आहे," एवढंच म्हणायची.

मग छोट्या निवृत्त झाला. जरा लवकरच झाला. लोकांनी विचारलं तर म्हणाला, पुष्कळ झालं, आता बागेत रमणार. बागेत तो कुठे रमत होता! खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही, थोडासाच. पण केसाएवढ्या दोऱ्याने टाके घालणाऱ्याला थोडासाही पुरतो. निरोपाच्या दिवशी तो जो थिएटरच्या दारातून बाहेर पडला, तो परत तिकडे फिरकला नाही. मुलं परदेशी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दिवसभर खुर्चीत बसून तो रिकाम्या हातांकडे बघायचा.

त्या हिवाळ्यात आक्काचा आवाज बसला. फोनवर घोगरा यायला लागला, मग फाटका. छोट्याने इकडूनच निदान केलं, इकडूनच औषध सांगितलं. "सर्दी आहे. गरम पाण्याच्या गुळण्या कर." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आक्काने दोन महिने इमानेइतबारे गुळण्या केल्या. मग एक दिवस पिशवी घेऊन ती स्वतःच राहायला आली, कारण हा काही येत नव्हता.

त्याच आठवड्यात धाकटीही सरांना भेटायला आली. धाकटी ही त्याची शेवटची विद्यार्थिनी. विभागात आली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून नाव पडलं, आणि आता तिचे केस पिकायला लागले, विभागाची मुख्य झाली, तरी नाव सुटलं नाही. आक्काने तिला चहा दिला, दोन वाक्यं बोलली. धाकटीने कप खाली ठेवला.

आक्का आत गेल्यावर तिने हळूच विचारलं, "सर, आक्कांचा आवाज कधीपासून असा आहे?"

"सर्दी आहे गं. गुळण्या सांगितल्यात मी."

धाकटी नुसती बघत राहिली. आणि तिच्या त्या बघण्यातच छोट्याला सगळं कळलं. कारण हा धडा त्यानेच तिच्याकडून घोटून घेतला होता. आवाजाची डावी नस गळ्यातून सरळ येत नाही. ती आधी छातीत उतरते, मोठ्या धमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि मग वर गळ्याकडे जाते. कमान फुगली की नस ताणली जाते. गळा चांगला आणि आवाज गेलेला असेल, तर छातीत बघा. वर्षानुवर्षं तो हे पोरांना शिकवत आला, आणि घरात मात्र दिव्याखाली अंधार.

स्कॅन झालं. कमानीवर मोठा फुगवटा होता. तो कधीही फुटू शकत होता, आणि फुटला तर हॉस्पिटलपर्यंतही पोचता आलं नसतं.

धाकटीने आक्काला सगळं समजावलं. जांघेतून नळी घालून आत जाळीचा स्टेंट बसवणं सोपं, पण फुगवटा नेमका तिथे, जिथून डोक्याकडे जाणाऱ्या वाहिन्या निघतात. म्हणून छाती उघडायची. अंग थंड करायचं, इतकं थंड की रक्त थोडा वेळ थांबवलं तरी चालेल. तेवढ्या वेळात कमान काढून तिथे कापडी नळी शिवायची आणि तिचं दुसरं टोक खालच्या धमनीत लोंबतं सोडायचं.

"त्याला आम्ही हत्तीची सोंड म्हणतो," धाकटी म्हणाली.

"म्हणजे या वयात मी हत्ती पोसायचा?" आक्का त्या फाटक्या आवाजात म्हणाली. मग हसणं थांबवून तिने भावाकडे बोट केलं. "छोट्या करणार असेल तर करा. नाहीतर मला काही नको. जगले तेवढं पुष्कळ झालं."

धाकटी सरांकडे बघायला लागली. सरांनी उजवा हात खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी छोट्या हॉस्पिटलात गेला. जाताना त्याने स्वतःला बजावलं होतं, की फक्त धाकटीशी बोलायचं आणि परतायचं. पण थिएटरकडे जाणाऱ्या बोळात बर्फाचं यंत्र दिसलं आणि त्याचे पाय थांबले. स्वच्छ, पांढरं कपाट. बटण दाबलं की खालच्या भांड्यात चुरा पडत होता.

त्याच्या वेळी असलं काही नव्हतं. बर्फ कारखान्यातून यायचा, लाद्यांचा, भुश्यात गुंडाळलेला. नवीन आलेल्या डॉक्टरचं पहिलं काम म्हणजे ती लादी गोणपाटात घालून लाकडी हातोड्याने फोडायची, चुरा पिशव्यांत भरायचा आणि ऑपरेशनभर रोग्याच्या डोक्याभोवती धरून बसायचं. मेंदू थंड राहिला तर माणूस शहाणा उठतो, असं त्याचे गुरू, थोरले डॉक्टर, म्हणायचे. एक अख्खा हिवाळा बर्फावर बसल्याशिवाय कुणालाही सुईला हात लावू द्यायचे नाहीत. छोट्याने पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याच्या उघड्या कानाला बर्फ टेकवला होता. थोरले डॉक्टर टाका न सोडता पडद्यापलीकडून गरजले, "कान सांभाळ! त्याला घरी जाऊन बायकोचं ऐकायचंय!" सगळं थिएटर हसलं होतं, आणि पुढे छोट्याने हा किस्सा आपल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगितला. काय दिवस होते ते! बोटं बधिर व्हायची, चप्पल भुश्याने भरायची, आणि तरी घरी जाताना वाटायचं की आज आपण काहीतरी केलं. थोरले डॉक्टर गेले, बर्फाचा कारखाना बंद पडला. त्या चुऱ्याचा वास मात्र यंत्रापाशी अजून तसाच, ओला आणि कोरा. छोट्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

धाकटीच्या खोलीत त्याने दार लोटलं आणि उजवा हात टेबलावर ठेवला. हाताने जे सांगायचं ते सांगितलं.

"मला अंदाज होता सर," ती म्हणाली.

"तू कर. माझ्यापेक्षा चांगलं करशील. मी नुसता आत उभा राहीन, म्हणजे तिला सांगता येईल."

"नातेवाइकाला आत घ्यायचं नाही. नियम तुमचाच आहे. एका रोग्याच्या डॉक्टर वडिलांना तुम्ही कॉलर धरून बाहेर काढलं होतं."

गुरूची विद्या गुरूलाच फळली. छोट्या उठायला लागला, तशी ती म्हणाली, "पण माझ्याकडे बर्फावर माणूस कमी आहे. अनुभव असलेला हवाय."

आता आक्काला खरं सांगायचं उरलं होतं. ती खिडकीशी बसली होती. छोट्याने तिला चहा दिला आणि समोर बसून म्हणाला, "आक्का, ऑपरेशन मी नाही करणार. माझा हात..."

"थरथरतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या कपबशीने. दोन वर्षं वाजतेय, फोनवरसुद्धा ऐकू येते. माझा आवाज गेलाय, कान नाही गेले."

"मग असली अट कशाला घातलीस?"

"मी म्हटलं, माझ्यासाठी तरी त्या दारातून आत जाशील. घरात बसून वाळत चाललायस नुसता." ती दम घ्यायला थांबली. मग तिने विचारलं, "तू नाही करणार, तर असशील कुठे?"

"डोक्याशी. बर्फ धरून."

आक्काने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी तो टायफॉइडने फणफणला होता, तेव्हा आई कामावर आणि ही बारा-तेरा वर्षांची पोर रात्रंदिवस त्याच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या बदलत बसली होती. दोघांनाही तेच आठवलं असणार.

"मग चालेल," ती म्हणाली. "डोक्याशी आपलं माणूस असलं की झालं. छातीत कोण काय करतंय, ते मला कुठे दिसणार आहे!"

ऑपरेशनच्या सकाळी छोट्या डोकं आणि छाती यांच्या मधल्या पडद्याच्या अलीकडे, डोक्याच्या बाजूला बसला. जन्मभर तो पलीकडे उभा राहिला होता. तिथे फक्त छाती दिसते, चौकोनी, कापडांनी वेढलेली, कुणाचीही. इकडे चेहरा होता. आक्काचा चेहरा, मिटलेल्या डोळ्यांवर पट्ट्या, तोंडात नळी. त्याने तिच्या कानांवर कापूस ठेवला, नीट दाबला, पुन्हा तपासला. मग पिशव्या लावल्या, आणि दोन्ही तळव्यांत तिचं डोकं धरलं.

हृदयाचं काम करणाऱ्या मशीनमधून रक्त थंड होत गेलं. आक्काच्या गालाला त्याने मनगट लावून बघितलं. गाल दगडासारखा गार होता. पलीकडून धाकटीचा आवाज आला, "थांबवा." मशीनची घरघर थांबली. एका हाताच्या वाहिनीतून डोक्याकडे जाणारी रक्ताची बारीक धार तेवढी चालू राहिली. मॉनिटरवरच्या रेघा सपाट झाल्या. असं त्याने कितीदा करवलं होतं, आणि कधी भीती वाटली नव्हती, कारण तेव्हा हाताला काम होतं. आता नुसतं धरून बसायचं होतं. जीव मुठीत धरून बसणाऱ्या त्या बाहेरच्या बाकांवरच्या माणसांची त्याला पहिल्यांदा आठवण आली, आणि त्यांच्याशी आपण किती तोडून बोलायचो त्याचीही.

बर्फातला त्याचा हात थरथरायला लागला. उजवा, आणि मग डावाही. पिशव्या खुळखुळल्या. त्याने घाईने भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या बाईंनी दुसरी पिशवी सारखी करायला हात घातला, आणि त्यांचीही बोटं लटलटायला लागली.

"बर्फात सगळ्यांचेच हात थरथरतात सर," त्या म्हणाल्या.

छोट्याने मान खाली घातली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने हात लपवला नाही.

पलीकडे धाकटीची सुई चालत होती. ते दिसत नव्हतं, पण दोरा ओढल्याचा बारीक आवाज तो ओळखत होता. एकदा ती स्वतःशीच म्हणाली, "नस दिसली, जपते." मग बऱ्याच वेळाने, "चालू करा." मशीन पुन्हा घरघरलं. रक्त ऊन होत गेलं. छोट्याने पिशव्या काढल्या, पण जागा सोडली नाही. आक्काच्या ओठांचा राखाडी रंग आधी गेला. मग कपाळ, मग गाल. माणूस परत येताना असा दिसतो, हे एवढ्या मोठ्या सर्जनला कधी दिसलंच नव्हतं.

हृदय स्वतःहून धडधडायला लागलं तेव्हा धाकटीने पडद्यावरून डोकावून विचारलं, "कान?"

"सांभाळले," छोट्या म्हणाला.

तरी खरी परीक्षा पुढेच होती. अशा ऑपरेशननंतर माणूस जागा होईल का, झाला तर ओळख देईल का, हे तो जागा होईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. तो दिवस गेला. आक्का हलली नाही. दुसऱ्या सकाळी तिने पाय हलवले, डोळे उघडले, पण नजर छतावर. छोट्या तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसला होता. नर्सने दोनदा बाहेर जा म्हणून सांगून बघितलं आणि मग नाद सोडला.

दुपारी नळी काढली. आक्का खोकली, कण्हली. धाकटी वाकून म्हणाली, "आक्का, काहीतरी बोला."

आक्काचे ओठ हलले. काहीच उमटलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. पूर्वी दोन गल्ल्या ओलांडून मैदानात येऊन पडायची ती हाक, आज पलंगाच्या कठड्यापर्यंत जेमतेम पोचली.

"छोट्या..."

"आलो, आक्का," तो म्हणाला.

आक्काने मान वळवली. नजर त्याच्या तोंडावर स्थिरावली. बराच वेळ तिने त्याला नीट बघून घेतलं.

"आज पहिल्याच हाकेला?" ती म्हणाली.