झाकणाखालचा खिसा

जॅकेट आलं तेव्हा तिची तान्ही पोर, गुंडी, नुकती झोपली होती, म्हणून बेल वाजायच्या आतच तिनं दार उघडलं. जिन्यात पावलं वाजल्यापासून ती कडीला हात लावून उभी होती. बेलनं पोर उठलं असतं तर अख्खी सकाळ हातची गेली असती, आणि या सकाळवर बरंच काही टांगलेलं होतं.

ती एका मासिकात पुरुषांच्या कपड्यांवर लिहायची. मोसम बदलला की डिझायनर मंडळी नवं काय काढतात, त्यातलं अंगावर घालण्याजोगं काय आणि नुसतं बघण्याजोगं काय, यावर तिची ठाम मतं असत, आणि ती मतं वाचणारे लोकही होते. गुंडीच्या वेळी ती रजेवर गेली आणि तिचं पान सांभाळायला एक गृहस्थ आले. कोटाच्या वरच्या खिशात रोज नवा रुमाल, म्हणून ऑफिसात त्यांचं नावच रुमाल पडलं. प्रत्येक शोला पहिल्या रांगेत बसायचं आणि जे समोरून जाईल त्याला 'काव्यमय' म्हणायचं, हा त्यांचा खाक्या. आता ती कामावर परतली होती, पण पान परतलं नव्हतं.

"या मोसमाचा मुख्य लेख तू लिही," संपादकबाईंनी सांगितलं होतं. "जमला तर पान तुझं. नाही तर रुमाल आहेतच."

दूध पिणारं पोर घेऊन शोला जाणं शक्य नव्हतं. पण तसंही तिची लिहिण्याची रीत वेगळी होती. ती डिझायनरांकडून एका दिवसापुरतं सॅम्पल घरी मागवायची आणि नवऱ्याला घालायला लावायची. सॅम्पलचे कपडे एकाच मापाचे असतात, आणि योगायोग असा की नवरा नेमका त्याच मापाचा. तिची आई म्हणायची, "नवरा पसंत केलास की शिवून घेतलास गं?" नवऱ्यानं ते कपडे घालून आरशासमोर उभं राहायचं नाही, एवढी एकच अट. त्यानं खुर्चीत बसायचं, बादली उचलायची, माळ्यावरचा डबा काढायचा, वाकून पोरीचं खेळणं शोधायचं. शोमधले पुरुष नुसते चालतात, तेही रिकाम्या हातानं. पुरुष दुसरंच काही करत असताना जॅकेट कसं वागतं, यावरून तिचं मत ठरे.

नवऱ्याचं स्वतःचं असं मत नव्हतं. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा, आणि दुसऱ्याला नीट दिसलं म्हणजे त्याचं समाधान व्हायचं. फॅशनमधली एकच गोष्ट त्याला ठाऊक होती, तीही तिनंच शिकवलेली. लग्नाआधी त्यानं आयुष्यातला पहिला कोट घेतला आणि दिवसभर किल्ल्या, फोन, पाकीट हातात घेऊन फिरला. तिनं कारण विचारलं तर म्हणाला, "या कोटाला खिसे नाहीत." ती हसून हसून बेजार झाली. "अरे वेड्या, दुकानात लोक हात घालून खिसे ताणतात, म्हणून कच्चे टाके घालून बंद ठेवतात. घरी आणून कापायचे असतात." तेव्हापासून तो त्या ज्ञानाला जिवापाड जपायचा. दुकानात कुणी नवा कोट घालून आलं की आधी खिशाकडे बघायचा. एकदा तर एका गिऱ्हाइकाचे खिसे त्यानं चष्म्याच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरनं उकलून दिले होते.

आज त्याची सुट्टी होती. त्यानं पिशवीची चेन उघडली आणि आत डोकावला.

"हे तर फरशी पुसायच्या फडक्याच्या रंगाचं आहे."

"त्याला धुकट राख म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"बनवणारे. गप घाल."

त्यानं घातलं, आणि ती क्षणभर बघतच राहिली. खांदा असा उतरला होता जणू कापडाला अंगाची ओळख होती. ना पॅडचा फुगवटा, ना हल्ली सगळ्यांनी धरलेला तो ढगळपणा, ज्यात धडधाकट माणूससुद्धा थोरल्या भावाचे कपडे ढापल्यासारखा दिसतो. कॉलर मानेला चिकटून बसली होती. हात वर केला तरी मागची बाजू वर चढली नाही.

"पोरीला उचलतोस तसे हात कर."

त्यानं उशी उचलली, खांद्यावर घेतली, थोपटली. कॉलर जागची हलली नाही. तिला बरं वाटलं. असं जॅकेट वर्षानुवर्षांत एखादं निघतं. कौतुक करायला मिळालं की तिला उलट धास्ती वाटायची, आपण काही पाहायचं विसरलो तर नाही ना. पण आज खांदा इतका स्वच्छ बोलत होता की तिनं लगेच लिहायला घेतलं.

दुपारपर्यंत लेख जवळपास झाला. मग गुंडी उठली, रडली, दूध प्यायली, आणि ती तिला घेऊन आतल्या खोलीत पडली. पोर झोपलं तरी ती उठली नाही. नाकापाशी बोट नेऊन श्वास बघितला, मग पुन्हा बघितला. बाहेर नवरा जॅकेट घालून पसारा आवरत होता, कारण तोही परीक्षेचाच भाग होता.

ती बाहेर आली आणि दारातच थबकली. दोरे कापायची कात्री टीपॉयवर पडली होती. कात्रीची जागा कपाटाच्या वर, मागच्या कोपऱ्यात. गुंडी अजून रांगतसुद्धा नव्हती, तरी जागा तीच.

"कात्री खाली कुणी ठेवली?"

"मीच. ठेवतो वर."

"कात्री कशाला लागली तुला?"

"खिसा उघडला ना." तो अभिमानानं म्हणाला. "बंदच होते दोन्ही. तू एवढं लिहितेस आणि खिसे उघडून बघितले नाहीस? आता एकच उघडलाय. दुसरा जरा घट्ट आहे."

ती त्याच्याजवळ गेली आणि उजव्या खिशाचं झाकण वर केलं. झाकणाखाली शिवणीची एक सरळ, नाजूक रेघ होती, अगदी बंद खिशाच्या तोंडासारखी. त्या रेघेवरून कात्री फिरली होती. तिनं आत बोट घातलं. खिशाची पिशवी कुठंच नव्हती. एका बाजूला कापड, दुसऱ्या बाजूला अस्तर, आणि मधली पोकळी थेट खालच्या काठापर्यंत गेलेली. डावं झाकण वर केलं. तिथंही तीच रेघ, तेच कोरं कापड.

"अरे, याला खिसेच नाहीत."

"असं मीही म्हणालो होतो," नवरा म्हणाला. "तेव्हा तू हसली होतीस."

आज तिला हसू आलं नाही. सॅम्पल एकच होतं. संध्याकाळी ते परत जायचं होतं आणि उद्या सकाळी दुसऱ्या कुठल्याशा मासिकाकडे फोटोला उभं राहणार होतं. ती खुर्चीत बसली. नवऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं जॅकेट अंगावरून असं काढलं, जणू ते भाजत होतं.

"मी सांगतो त्यांना. माझी चूक आहे."

"सॅम्पल माझ्या नावावर आलंय."

"मग आपण शिवून टाकू. झाकणाखाली कोण बघतंय? तू पण नाही बघितलंस."

तो टोमणा नव्हता, पण बसला मात्र वर्मी. सकाळपासून तिनं खांदा बघितला, कॉलर बघितली, बाहीचा घेर बघितला, आणि झाकणाखाली एकदाही हात घातला नाही. तिचा लेख समोर पडला होता, आणि त्यात एक वाक्य होतं: 'बाळ असलेल्या बापानं डोळे मिटून घ्यावं असं जॅकेट.' बाळ असलेला बाप किल्ल्या कुठं ठेवणार? पुसायचा कपडा, बाटलीचं झाकण, पोरीनं फेकलेली टोपी? रुमाल याला काव्यमय म्हणाले असते, पण निदान बापाचं नाव तरी घेतलं नसतं.

अवघड मुद्दा तिला हळूहळू दिसायला लागला. लेख आहे तसा दिला तर सगळं निभावतं. कौतुकावर कुणी उलटतपासणी करत नाही, आणि चार टाके घातले की झाकणाखालचं झाकणाखाली राहतं. पण खिसे खोटे आहेत असं लिहिलं, तर डिझायनरचे लोक पहिलं काम कोणतं करतील? झाकण वर करतील. खरं लिहायचं तर कापल्याचंही सांगायला हवं होतं. दोन्ही गोष्टी त्या एकाच फटीतून बाहेर येणार होत्या.

"पान जाईल का तुझं?" नवऱ्यानं विचारलं.

"माहीत नाही."

तिनं फोन उचलला. डिझायनरच्या ऑफिसात प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाईंचा आवाज नेहमी पाहुणे यायच्या बेतात असल्यासारखा लगबगीचा असायचा.

"बोला! आवडलं ना? सगळे नुसते वेडे झालेत हो."

"खांदा फार सुंदर आहे. एक अपघात झालाय. उजव्या झाकणाखाली कात्री लागलीय."

"लागलीय म्हणजे?"

"कापलंय. माझ्या नवऱ्यानं. त्याला वाटलं, खिसा कच्च्या टाक्यानं बंद केलाय."

पलीकडून लगबग पार उतरलेला आवाज आला. "अहो, तो खिसा नाहीये. ती रेषा आहे."

"ते आता कळलं. पण झाकण कशाला लावलंत मग?"

"झाकण नसेल तर बाजू उघडी दिसते. आणि खरा खिसा दिला की पुरुष त्यात किल्ल्या कोंबतात. आमच्या साहेबांचं मत आहे, किल्ल्यांनी जॅकेटची रेषा बिघडते."

"किल्ल्या ठेवायच्या कुठं?"

"ते आम्ही नाही ना सांगू शकत!" बाई तडकल्या. "उद्या फोटो आहेत, आता मी काय करू? तुम्ही निदान हात लावायच्या आधी विचारायचं तरी. पुढच्या मोसमाला कपडे मिळतील असं धरून चालू नका."

फोन ठेवला तेव्हा तिचं डोकं स्वच्छ झालं होतं. तिनं जॅकेटची फट नीट दुमडून, अस्तराला धक्का न लावता, बारीक टाक्यांनी बंद केली. लपवायला नव्हे, वाटेत कापड उसवू नये म्हणून. शेजारी लाल दोऱ्याची खूण ठेवली. मग लेख काढला आणि खांद्याचं कौतुक एका शब्दानंही कमी न करता बाकीचा पुन्हा लिहिला.

'या मोसमातला सर्वांत सुंदर खांदा आमच्या घरी एक दिवस राहून गेला,' अशी तिनं सुरुवात केली. पुढे लिहिलं, की या जॅकेटला खिशांची झाकणं आहेत, खिसे नाहीत, हे आम्हाला कात्री चालवल्यावर समजलं. बायकांच्या कपड्यांत हे कित्येक वर्षं चालत आलंय. आमच्या कपड्यांना नुसती रेघ मारतात आणि किल्ल्यांसाठी पर्स विकतात. पुरुषांचे खिसे तेवढे शाबूत होते, म्हणून घरातून निघताना आम्ही आमच्या वस्तू त्यांच्या हवाली करायचो. ज्याला रेषेची काळजी आहे त्यानं हे जॅकेट जरूर घ्यावं. ज्याच्या खांद्यावर पोर आहे त्यानं खांदा याचा घ्यावा, खिसे दुसऱ्याचे.

संध्याकाळी पिशवी गेली. त्यानंतर गुंडीचा एक पिवळा मोजा सापडेना. तिनं सोफा सरकवला, गादी उलटली, पोरीच्या तोंडात बोट घालून बघितलं.

"मोजा कसा गिळेल ती?" नवरा म्हणाला.

"मुलं काय वाटेल ते गिळतात."

"तिला दातसुद्धा नाहीत."

"गिळायला दात कशाला लागतात?"

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा ती पलंगाखालीच होती.

"नवऱ्यानं कात्री चालवली, हे छापायचं?"

"हो. ते काढलं तर मला कसं कळलं हे सांगता येणार नाही."

"मागच्या पानावर त्यांची जाहिरात असते, ठाऊक आहे ना? रुमाल म्हणतात, खिशासारखी गोष्ट लेखात आणणं फार घरगुती आहे."

"मी घरीच बघते कपडे," ती म्हणाली. आवाज वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला.

पलीकडे संपादकबाईंनी सुस्कारा सोडला. "आमच्या यांनी आज हे वाचून स्वतःच्या तीन कोटांची झाकणं वर करून बघितली. छापते. पान तुझं. पण पुढच्या मोसमाला कपडे कुठून आणायचे, ते तुझं तू बघ."

लेख छापून आला. डिझायनरकडून काहीच आलं नाही, चांगलं नाही की वाईट नाही; सॅम्पलं मात्र खरंच बंद झाली, आणि त्यांचं पाहून आणखी एका ठिकाणचीही. काही दिवसांनी दुसऱ्या मासिकात त्या जॅकेटचे फोटो आले. एक देखणा, रुसलेला तरुण भिंतीला टेकून उभा. ती पान उलटणार तोच नवऱ्यानं बोट ठेवलं. दिवसभर लोकांचे डोळे बघून त्याची स्वतःची नजर बारीक झाली होती.

"हे काय गं? इथं खाली?"

उजव्या बाजूला, जॅकेटच्या अगदी खालच्या काठाशी, कापड लिंबाएवढं फुगलं होतं. तिनं फोटोकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"तू त्या खिशात काही ठेवलं होतंस?"

त्यानं कपाळावर हात मारला. "जमिनीवर मोजा पडला होता. म्हटलं, हातात कशाला धरायचा."

मोजा सापडला याचं तिला इतकं हायसं वाटलं, की रेषा बिघडली याचं हसू जरा उशिरानं आलं. मग मात्र दोघं इतकी हसली की गुंडी जागी झाली.

पुढच्या लेखासाठी ती दोघं साध्या दुकानात गेली आणि नवऱ्याच्या मापाचं एक निळं जॅकेट विकत घेऊन आली. खांदा ठीकठाक होता. तो ते घालून कामावर गेला आणि संध्याकाळी परतला तर किल्ल्या, फोन, पाकीट, सगळं हातात.

"खिसे बंद आहेत रे याचे."

"बघितलं मी." तो जागचा हलला नाही. "मी नाही हात लावणार. तू बघ."

तिनं गुंडीला त्याच्या कडेवर दिलं. झाकण वर केलं, रेघेवरून नख फिरवलं. दोरा जाड होता, टाके लांब. जॅकेटची कड उलटून आतून चाचपलं. अस्तरामागे पिशवी लागली, चांगली खोल. मग कपाटावरून कात्री काढून पहिला टाका तिनंच कापला.