तिरीप

आमच्या शिवणाच्या दुकानात ताई कापायची, मी शिवायची. गिऱ्हाईक नसलं की ती कादंबरी उघडायची आणि मध्येच ओरडायची, "सापडला!" म्हणजे नवा शब्द सापडला. मग मला मशीन थांबवावंच लागायचं. तिचा कायदाच होता तसा: नुसता वाचलेला शब्द पुस्तकाचाच राहतो, कुणाला तरी सांगितला की आपला होतो. मग दिवसभर, येईल त्याच्यावर तो वापरून बघायची. 'अजागळ' सापडला त्या दिवशी एका भल्या गृहस्थाला म्हणाली, "या कोटात तुम्ही अगदी अजागळ दिसता हो!" तो कशाला परत येतोय! मी कपाळावर हात मारला, तर बाईसाहेब आपल्या खुशीत.

मग तिला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. देवाला तरी नेमकं तेच घ्यायचं होतं! डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा, वाचून दाखवा. तिला कळत असेल, तर शब्द परत येतीलही." तिला कळतंय की नाही, एवढ्यावर माझा जीव टांगलेला होता.

तिने पारायणं केलेली एक कादंबरी घेऊन मी रोज दुपारी खाटेशी बसू लागले. अवघड शब्द आला की गाळायची. आजारी माणसाला कशाला ताप? मध्येच ती डाव्या हाताने खाटेवर थापा मारायची. मी उशी बदलायची, पाणी पाजायची, कूस वळवायची. थापा चालूच. शेवटी माझं डोकं फिरलं. "घे बाई, तूच वाच!" म्हणत मी पुस्तक तिच्यापुढे आपटलं. तिचं बोट सरकत सरकत मी गाळलेल्या शब्दावर जाऊन थांबलं.

अगं बाई, म्हणजे हिला सगळं कळत होतं! मी तिथेच ढसाढसा रडले.

पुढे एकही शब्द गाळला नाही. खोटं कशाला बोलू, मलाही गोडी लागली. शिवताना तोंडात शब्द घोळवायची. एका ढगाळ दुपारी वाचलं, 'एक तिरीप आत आली आणि तिच्या पायाशी बसली.'

"ही तिरीप कोण गं? मांजर की काय?"

ताई हसली. तोंड वाकडं झालं, पण हसली. ओठ हलवले, घशातून नुसती घरघर आली. मग हात उचलून तिने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर काही नव्हतं.

"हो हो, भिंत," मी म्हटलं. "कळलं मला."

तिने हात खाली टाकला आणि तोंड फिरवलं. त्याच आठवड्यात दुसरा झटका आला, त्यात ती गेली.

दुकान पुष्कळ दिवस बंद होतं. एका दुपारी मी तिची खाट काढायला घेतली. खिडकीच्या फटीतून उन्हाची बारीक पट्टी आत आली आणि ताईने दाखवलेल्या त्याच जागी भिंतीवर टेकली.

"सापडला!" मी ओरडले.

बाहेरच्या खोलीतल्या दुकानात मशीन आधीपासून बंदच होतं.