अकरा वेळा

विनोदने तो नियम अंगारकीच्या आदल्या दिवशी मोबाईल कंपनीच्या टॉवरला घातला. अंगारकीला गणपतीपुळ्यात माणूस मावत नाही, आणि सगळे एकाच वेळी फोन काढतात. कोणी रांगेतून व्हिडिओ कॉल लावतो, कोणी गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो पाठवतो. मागच्या खेपेला भर दुपारी नेटवर्क बसलं होतं आणि त्यावरून रत्नागिरीच्या ऑफिसात विनोदला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. म्हणून या वेळी त्याने टॉवरला सांगून ठेवलं, की गर्दी झाली की लांबच्या, कमी सिग्नलच्या फोनांना आधी सोडायचं. टॉवर अशा फोनला एक छोटा संदेश पाठवतो, की तुझं कनेक्शन सोडलं. फोन मुकाट सोडतो, पुन्हा मागतो, पुन्हा सोडला जातो. लांबचे फोन म्हणजे सड्यावरच्या दोन वाड्या आणि समुद्रातल्या होड्या. ही माणसं तक्रार करत नाहीत हे विनोदला माहीत होतं. तो स्वतः त्याच किनाऱ्यावरच्या, मासेमारांच्या वरवड्याचा होता.

नेटवर्क दिवसभर टिकलं. पुण्याच्या साहेबांनी ग्रुपवर त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. त्याच दुपारी त्याचा आतेभाऊ भावेश समुद्रात बुडाला.

भावेश आणि म्हातारा खलाशी बाबल्या, दोघंच होडीवर होते. एका मोठ्या ट्रॉलरची धडक लागली आणि तो न थांबता निघून गेला. होडीत पाणी भरायला लागलं. बाबल्याचा फोन पिशवीसकट पाण्यात गेला होता. भावेशचा हातात होता. त्याची बायको रुचिरा गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर कामाला होती. हॉटेलच्या पुढ्यातच पर्यटकांना फिरवणाऱ्या मोटरबोटी उभ्या असत. तिने नुसता आवाज दिला असता तरी पंधरा मिनिटांत कोणीतरी पोहोचलं असतं. म्हणून भावेश तिलाच व्हॉट्सॲपवर कॉल लावत राहिला. जाळ्याचे बोये छातीशी धरून बाबल्या वाचला. भावेश तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्याला लागला.

बाबल्याने घरी येऊन जे ऐकलं ते सांगितलं. फोनमधून वाजल्याचा आवाज येत होता, आणि भावेश सारखा म्हणत होता, उचलत नाय, रुचिरा उचलत नाय. बाबल्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कॉल समोर पोहोचायच्या आधीच आपल्या फोनमध्ये तसा आवाज येतो, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

रुचिराने सासूसमोर फोन ठेवला. त्या दुपारचा एकही कॉल त्यात नव्हता. गुणवंतीआत्याने फोनकडे पाहिलंही नाही. पुसून टाकलास, एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून रुचिराला चुलीपाशी येऊ देईनात. शेजारच्या बायका भेटायला येत, आत्याला मिठी मारून रडत आणि रुचिराला टाळून निघून जात. हॉटेलात कोणाशी हसत बसली असेल, हेही कोणीतरी बोललंच. सहा वर्षांच्या सानवीला आजी आपल्याजवळ घेऊन निजू लागली. मुलगी आईकडे जायला निघाली की तिचा दंड घट्ट धरून ठेवी.

मग आत्याने विनोदला बोलावून घेतलं. तू कंपनीत आहेस, माझ्या लेकाने किती वेळा फोन लावला ते शोधून आण, म्हणाली. विनोद आनंदाने गेला. वैनीची सुटका होईल, असं त्याला खरंच वाटत होतं.

ऑफिसात त्याने भावेशचा नंबर टाकून त्या दुपारचा लॉग उघडला. बारा वाजून एक्केचाळीस मिनिटांपासून फोनने अकरा वेळा कनेक्शन मागितलं होतं. अकराही वेळा मिळालं होतं, आणि दोन-तीन सेकंदांत टॉवरनेच ते सोडायला लावलं होतं. प्रत्येक ओळीपुढे एकच कारण होतं, गर्दी कमी करण्यासाठी. बारावी ओळ नव्हती.

 विनोदने पुण्याला फोन लावला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नियम कोणी घातला होता, असं विचारलं, उत्तर त्यांना माहीत असूनही. मग म्हणाले, की लॉग सात दिवसांनी आपोआप पुसला जातो, कोणी लेखी मागितलेला नाही, तेव्हा आपण होऊन कॉपी काढायची गरज नाही. विनोदने कॉपी काढली नाही. उरलेले दिवस तो वरवड्याला फिरकलाही नाही.

बाराव्याला मात्र जावंच लागलं. जेवणं उरकली होती, भावकी ओटीवर बसली होती. रुचिरा आतल्या दाराला टेकून उभी होती. सगळ्यांच्या देखत आत्याने विचारलं, "मिळाला काय रे आकडा?"

विनोदने रुचिराकडे पाहिलं. ती वाट बघत होती. त्या घरात आपल्या बाजूचा हा एकच माणूस, अशा नजरेने.

"अकरा वेळा," तो म्हणाला.

पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. ते त्याने गिळलं.  आत्या उठली, आत गेली आणि रुचिराचे कपडे एका गोणत्यात कोंबून तिने ते अंगणात टाकले. पोर इथेच राहील, म्हणाली. सानवी रडायला लागली तेव्हा कोणीतरी तिला उचलून परसात नेलं.

दुसऱ्या दिवशी रुचिराचा भाऊ सावर्ड्याहून न्यायला आला. माहेरी जाता जाता तिने रत्नागिरीत रिक्षा विनोदच्या ऑफिसखाली थांबवली. भावाला रिक्षातच बसवून ती एकटी जिना चढून आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"भावजी, अकरा वेळा लावला तर माझ्याकडे एकदाही कसा वाजला नाय?"

"समुद्रात रेंज नसते, वैनी."

"रेंज नव्हती, तर तुम्ही अकरा मोजलेत कुठून?"

विनोद टेबलावरचे कागद सारखे करू लागला. तिने त्याला पुरेसा वेळ दिला. मग खालच्या आवाजात म्हणाली, की मला पैसा नको, घर नको, तुम्ही फक्त आईंना खरं सांगा, म्हणजे माझी मुलगी मला मिळेल. तो म्हणाला, की लॉग पुसला गेला, आता पुरावा नाही.

"तुम्ही आहात की," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर तिने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्याने तो वाजू दिला. मुलीच्या ताब्यासाठी तिच्या वकिलाची नोटीस वरवड्याला गेल्याचं त्याला भावकीतून कळलं. पुढे त्याची झोप उडाली, जेवण जाईना, आणि एका रविवारी सकाळी मोटरसायकल काढून तो आत्याकडे गेला.

आत्या परसात बांगडे साफ करत होती. सानवी शाळेच्या वहीत काहीतरी गिरवत होती. तिला आत पाठवून विनोदने सगळं सांगितलं. नियम आपण घातला, कनेक्शन आपल्या टॉवरने सोडलं, वैनीचा फोन वाजलाच नव्हता. बोलताना त्याला रडू आलं. आता आत्या थोबाडीत मारेल असं त्याला वाटत होतं. तेच त्याला हवंही होतं.

आत्याचा हात थांबला नाही. तिने हातातला मासा संपवला, पाण्यात विसळला, पातेल्यात टाकला.

"आणखी कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही."

"मग नको सांगू." तिने पुढचा मासा घेतला. "बाबल्या बोलला ना, त्याच दिवशी रातच्याला कळलं मला. तिचा चेहरा बघितला तेव्हाच. पण ती खरी ठरली की पोरीला घेऊन जाणार. माझा तर गेला. आता ही पण देऊ?"

 आपल्या छातीवरचं ओझं उतरतंय हे विनोदला जाणवलं, आणि त्याची त्याला भीती वाटली. पण ते उतरतच राहिलं. आत्याने जेवून जा म्हटलं. तो हातपाय धुऊन पाटावर बसला. सानवी शेजारी येऊन बसली आणि आई कधी येणार म्हणून त्याला विचारू लागली. तुझ्या आईला काम आहे, तो म्हणाला, आणि तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायला लागला.