चिमट्याने सोललेलं संत्रं

आमच्या घरात संत्रं ही खायची वस्तू राहिली नव्हती, ती सासऱ्यांची मोहीम झाली होती. सासरे घड्याळजी. खाली दुकान, वर आम्ही. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून बारक्या चाकांवर वाकलेले. माणसाशी बोलायची वेळ आली तरी भिंग काढायचं विसरतात. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंच्या रक्ताबद्दल चार शब्द सांगितले आणि हे अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले.

सासूबाईंच्या पोटातली गाठ काढायची होती, पण अंगात रक्त कमी. हिमोग्लोबिन दहावर गेल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीबरोबर संत्रं, मोसंबी, लिंबू असं काहीतरी आंबट खा, त्यातल्या सी जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं, असंही म्हणाल्या. झालं. पोस्टमन आला की त्याला लिंबूपाणी. कोणी घड्याळाचा पट्टा बदलायला आलं की हातावर मोसंबीची फोड आणि वर हिरड्यांवर प्रवचन. नवऱ्याला म्हटलं, बाबांना जरा आवर. तर तो तोंडातली फोड चघळत म्हणाला, "अगं, फळंच तर वाटतायत."

सासूबाईंचं संत्रं मात्र ते स्वतः सोलायचे, तेही घड्याळाच्या चिमट्याने. आधी साल, मग पांढरे धागे एकेक करून, मग पाकळीवरचा पापुद्रा, मग बिया. तोवर दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं. एकदा एक मास्तरीणबाई नुकतंच दुरुस्त करून नेलेलं घड्याळ परत घेऊन आल्या. उघडलं तर चाकात संत्र्याचा धागा, आणि सगळं चिकट. सासरे शांतपणे म्हणाले, "हा धागा पोटाला फार चांगला." मी डोक्याला हात लावला.

एवढं करून पुन्हा रक्त तपासलं, तर होतं तिथेच. ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे गेलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. गाठ वाढते आहे, फार थांबता येणार नाही, म्हणाल्या. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे झालं. मला नाही करायचं ते ऑपरेशन." मला भीती वाटली, आणि मला भीती वाटली की आधी राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडून उभी राहिले. सासरे बशी घेऊन वर आले. सासूबाईंनी गोळी घेतली, एक फोड तोंडात टाकली आणि डोळे गच्च मिटले. लगेच सासऱ्यांनी थर्मासमधून कपात चहा ओतला. एक फोड, एक घोट, असं सुरू झालं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तिचे दात आंबतात," सासरे म्हणाले. "म्हणून आमचं ठरलंय. ती संत्रं खाणार, मी वर चहा देणार."

"बाबा, गोळीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा घ्यायचा नाही. चहाने लोह अंगी लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं."

"कधी सांगितलं?"

"त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ मागे आहे म्हणून तुम्ही खुर्चीवर चढला होतात, तेव्हा."

सासऱ्यांनी थर्मासचं झाकण लावलं. मी सासूबाईंकडे वळले. "आणि आई, तुम्ही तर खुर्चीवर चढला नव्हतात ना?"

"ऐकलं होतं मी," त्या बशीकडे बघत म्हणाल्या. "पण नुसतं संत्रं दिलं की हे लगेच खाली पळतात. चहा असला की कप रिकामा होईपर्यंत बसतात."

मला भयंकर संताप आला. जिवावर बेतलेलं, आणि ही बाई कपभर सोबतीसाठी सगळं पाण्यात घालत होती. रागावायचं तरी कोणावर? मी थर्मास उचलला.

"आजपासून चहा गोळीनंतर तासाभराने. तोवर दुकान बंद. बाबा, तुम्ही इथे बसून वेळ बघायची. आणि ते भिंग काढा आधी."

त्यांनी भिंग काढलं आणि समोर सासूबाईंकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "किती वाळलीस गं," ते म्हणाले.

"आज दिसलं होय," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या तपासणीत रक्त दहाच्या वर गेलं. ऑपरेशनची तारीख मिळाली. दवाखान्याच्या जिन्यातच मला रडू आलं. घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई उशीचा अभ्रा सारखा करत म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे आता गोळ्या संपतील. दुकान पुन्हा सकाळीच उघडेल."

"उघडेल कसं?" सासरे म्हणाले. "ऑपरेशननंतर जखम भरायला सी जीवनसत्त्व लागतं. विचार हवं तर."

"आणि जखम भरली की?" मी विचारलं.

ते सासूबाईंकडे बघत म्हणाले, "तिचे दात आहेत तोवर सोलीन."

"आणि दात पडले तर?" सासूबाईंनी विचारलं.

"रस काढीन."

मी पिशवी घेतली आणि संत्री आणायला निघाले. येताना आणखी एक चिमटा आणला, फक्त संत्र्यांसाठी.