रस्त्यावरून दिसणारी टाकी

"पाण्याला सरहद्द नसते, म्हणून मीही निघालोय," असं स्वयंसेवी पाणी-पथकाबरोबर परदेशी निघालेल्या निवृत्त ओव्हरसियरकाकांनी विमानात शेजाऱ्याला सुनावलं. शेजाऱ्याने चष्मा काढून डोळे मिटून घेतले.

त्या परक्या खेड्यात पोहोचताच काकांचं डोकं फिरलं. शाळा आणि दवाखाना एकाच लांबलचक पत्र्याखाली. पत्र्याचा उतार मागे आणि पावसाचं पाणी साठवायची टाकी पुढे, ठणठणीत कोरडी. मागे पागोळ्या खुशाल चिखलात पडत होत्या.

"टाकी पुढे का?" काकांनी पथकप्रमुखाला विचारलं. पोरगा त्यांच्या धाकट्या मुलाहून लहान.

"देणगीदारांचं नाव रस्त्यावरून दिसायला हवं, काका."

"आणि पाणी?"

"त्यावर अहवालात एक परिच्छेद आहे."

दवाखान्यातली सिस्टर ओढ्यावरून कॅन घेऊन आली. तिनेही ऐकलं. "परवा एका बाळंतिणीचे टाके पिकले," ती म्हणाली. "धुवायला हेच गढूळ पाणी. तुमची तीन पथकं आली, टाकीला तीन रंग झाले. आता चौथा कुठला?"

 नोकरीत तीस वर्षं अशाच कामांवर 'पाहिले, योग्य आहे' लिहून काकांनी सह्या ठोकल्या होत्या. आता तो सगळा शिळा राग एकदम वर आला.

दुपारी प्रमुख रेंज शोधायला टेकडीवर गेला. काकांनी आणि सिस्टरने रिकामी टाकी आडवी पाडली, गडगडत मागे नेली. काकांनी पन्हळ ठोकली, पाइप जोडला.

प्रमुख परतला तो लालबुंद होऊन. "काका, तुम्हाला परत पाठवावं लागेल."

"पाठव. पण आधी आत जा आणि त्या बाळंतिणीला सांग, बाई, नाव रस्त्यावरून दिसायला हवं होतं म्हणून तुझे टाके पिकले. एवढं सांगून ये, बॅग मी स्वतः भरतो."

प्रमुख दारापर्यंत गेला. तिथेच उभा राहून बुटांचा चिखल बघत बसला.

त्या रात्री पाऊस झोडपून पडला. सकाळी टाकी काठोकाठ. काकांनी सगळ्यांना बोलावलं, हात मागे बांधले, घसा खाकरला.

"आज या टाकीने सिद्ध केलंय की..."

सिस्टर बादली घेऊन नळापाशी वाकली होती. टाकी थेट जमिनीवर बसलेली, नळ जमिनीपासून चार बोटं वर. बादली सरळ धरून झाली, तिरकी करून झाली.

"काका," ती म्हणाली, "एखादी बशी आहे का हो तुमच्याकडे?"