सुरकुत्या

पॉलिशवाल्याच्या कपाळावरच्या सुरकुत्या गेल्या, तेव्हा घरात आधी हशाच पिकला. त्याची बहीण राहायला आली होती. दारातच भावाकडे टक लावून बघत तिनं वहिनीला विचारलं, "काय खाऊ घालतेस गं दादाला? आता तू त्याची थोरली बहीण दिसतेस."

बायको हसली. नवऱ्याचा चेहरा तुकतुकीत झाला होता खरा, पण कुणीतरी मागून कातडी धरून ओढावी तसा. चांगल्याला कशाला नाट लावा, म्हणून तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं नि विषय बदलला.

तो स्वयंपाकघराचे दगडी ओटे घासायचा. मशीनला पाण्याची नळी होती, पण शेवटचा हात देताना तो ती बंद करायचा. ओल्या दगडावर ओरखडे लपतात. कोरडा घासला की सगळं उघडं पडतं. त्याचा कोरडा हात फिरल्याशिवाय कारखान्यातून एकही ओटा बाहेर पडत नसे, नि त्याचा त्याला केवढा अभिमान! धूळ पिठाहून बारीक उठायची. तोंडाला बांधलेला रुमाल तिला काय अडवणार?

पुढे गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडू लागली, मग निळी. कातडी घट्ट झाली. हात मुरला आता, असं सोबतचे कारागीर म्हणाले आणि त्यालाही ते पटलं. जिना चढताना लागणारा दम त्यानं वयावर ढकलला. घास जरा मोठा झाला की ओठांत अडायचा. बायको न बोलता लहान लहान घास करून ताटात ठेवू लागली, आणि एक दिवस हट्टानं त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. ती चिमटीत येईना. काम काय करता, असं विचारल्यावर, काम सोडायला लावतील या धास्तीनं तो म्हणाला, "फर्निचरचं."

"दगडाचं," बायको हळूच म्हणाली. "कोरडा घासतात."

तपासण्या झाल्यावर बाईंनी समजावलं. या धुळीनं छाती जाते हे लोकांना ठाऊक असतं. पण काहींचं शरीर स्वतःवरच उलटतं. कातडी जाड होत जाते, मग तेच आत, फुप्फुसांत. धुळीत काम करणाऱ्यांना याचा धोका जास्त. यांना नेमकं कशानं झालं ते छातीठोक सांगता येणार नाही, औषधांनी वेग कमी करून बघू, पण धूळ आजपासून बंद.

घरी आल्यावर तो म्हणाला, "एकच ओटा राहिलाय. तो दुसऱ्या कुणाला जमायचा नाही." तिनं विनवलं, रागावली, शेवटी अबोला धरला.

तरी सकाळी तो कामाला निघाला. शर्टाची बटणं त्याच्या बोटांना ऐकेनात. बराच वेळ झटापट करून तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, मान खाली घालून.

लावायची नाहीत, असं तिनं ठरवलं. उघड्या शर्टानं हा माणूस चारचौघांत जायचा नाही, इतका मानी. नुसतं हात बांधून उभं राहायचं होतं.

तिचे हात वर गेले. गळ्याजवळ आल्यावर त्याच्या श्वासातली बारीक करकर तिला ऐकू आली. क्षणभर ती थांबली, आणि तिनं शेवटचं बटणही लावलं.