अर्धा तास पुढे

डॉक्टरांच्या मदतनिसाचा फोन बारा वाजून पाच मिनिटांनी आला. "मॅडम, डॉक्टरांनी सकाळी तुमच्या आत्याचं इन्सुलिन वीसवरून आठवर आणलं. ऍपमध्ये अजून वीसच दिसतंय. काय भानगड आहे?"

भानगड माझीच होती. घरोघरी जाणाऱ्या सिस्टरांसाठी हे ऍप मी लिहिलं. नेट नसलं तरी नोंद फोनमध्ये राहते आणि नेट आलं की सर्व्हरवर जाते. नोंद म्हणजे रुग्णाचं अख्खं पान, साखर आणि डोस दोन्ही. एकाच रुग्णाची दोन पानं आली, तर ज्याच्यावरची वेळ नंतरची ते खरं, हा नियमही माझाच. वेळ कुठली, तर ज्याच्या त्याच्या फोनमधली. नियम लिहिला त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

नोंदी उघडल्या. सिस्टरने नऊला आत्याची साखर तपासली होती. डॉक्टर सव्वानऊला येऊन गेले आणि रस्त्यावर येताच त्यांचं 'आठ' सर्व्हरवर पोचलं. सिस्टर त्याच इमारतीतली आणखी दोन घरं उरकून दहाला रस्त्यावर आली, तेव्हा कुठे तिचं पान वर चढलं, जुन्या विसासकट. त्यावर वेळ होती साडेनऊ.

नऊचे साडेनऊ कसे झाले, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. कुठे उशीर होऊ नये म्हणून ही बाई फोनचं घड्याळ अर्धा तास पुढे ठेवते. ऍप शिकवताना तिनेच मला सांगितलं होतं आणि मी हसले होते. तेव्हा दात काढण्याऐवजी डोकं चालवायला हवं होतं.

सर्व्हरवर विसाचे आठ करायला दहा सेकंद लागले. उपयोग शून्य. आत्याचं घर तळमजल्यावर, मागच्या अंगाला. तिथे नेट सोडाच, फोनही लागत नाही. सिस्टरला फोन केला, संपर्क क्षेत्राबाहेर. म्हणजे ती आत शिरली होती. इंजेक्शन साडेबाराचं, पण तिचे साडेबारा म्हणजे आपले बारा.

मी पळत सुटले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण संपतच नव्हतं. सिग्नलला एका गाडीवाल्याने शिवी हासडली.

दार उघडंच होतं. सिस्टर आत्याच्या दंडाला कापूस लावत होती.

"किती दिलं?"

"वीस. का हो?"

"आठ द्यायचं होतं."

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला, पण हात थांबले नाहीत. तिने आधी साखरेचं पाणी केलं. मी रस्त्यावर धावत जाऊन रुग्णवाहिका बोलावली आणि परत येऊन आत्याजवळ बसले. तिने पेला दोन्ही हातांनी धरला होता. सिस्टर तिच्या बोटाला सुई टोचून पुन्हा साखर बघत होती. मला प्रचंड भीती वाटत होती आणि ती राग होऊन आत्यावर निघाली.

"डॉक्टर तुला काही बोलले नव्हते का?"

"बोलले की. आजपासून आठच म्हणाले."

"मग सिस्टरांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. पण त्यांनी फोनमध्ये वीस दाखवलं." आत्याने एक घोट घेतला. "म्हटलं, आपल्या पोरीने केलंय ते. माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल."